श्वार्त्सवाल्डमध्ये सामान लादून सायकल: सहा दिवसांचा मार्ग कसा आखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं मूळचे पुण्याचे, दोन वर्षांपासून स्टुटगार्टला. पुण्यात असताना रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल, अधूनमधून ताम्हिणी. जुलैमध्ये सहा दिवस सुट्टी आहे. सायकली साध्या ट्रेकिंगच्या, मोटर नाही, मागे कॅरियरला दोन-दोन पॅनियर, म्हणजे बाजूला अडकवायच्या पिशव्या. नकाशावर तुम्हाला श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या ‘ब्लॅक फॉरेस्ट’च्या डोंगरांत, प्फोर्त्सहाइम ते बाझेल अशी ‘वेस्टवेग’ नावाची वाट दिसली. ती २८५ किलोमीटरची, म्हणजे रोजचे पन्नासच्या आत. हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

ही वाट धरू नका. वेस्टवेग ही पायी चालणाऱ्यांची वाट आहे. १९०० साली श्वार्त्सवाल्डफेराइन या गिर्यारोहण मंडळाने ती आखली आणि आजही तेच तिची निगा राखतात. झाडांवर तुम्हाला तिची खूण दिसेल, पांढऱ्यावर लाल समभुज चौकोन. ती मुद्दाम शिखरांवरून आणि कड्यांच्या काठाने नेली आहे. वाटेत मुळं, दगड आणि पायऱ्या आहेत. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या इथल्या राज्याच्या वनकायद्यानुसार जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. इथले लोक हा नियम ‘दोन मीटरचा नियम’ म्हणूनच ओळखतात, आणि पायी चालणारे आजोबा तुम्हाला थांबवून त्याची आठवण करून देतील. लाल, निळा, पिवळा, कुठल्याही रंगाचा समभुज चौकोन दिसला की ती पायवाटेची खूण. सायकलीचे फलक वेगळे असतात, पांढऱ्या पाटीवर हिरवी अक्षरं, गावाचं नाव आणि किलोमीटर. आपण त्यांच्यामागे जायचं.

आता मुख्य गोष्ट. मी कार्ल्सरूहमध्ये अकरा वर्षं राहते आणि या जंगलात दरवर्षी निदान दोनदा सामान लादून जाते. या काळात मी एकच गोष्ट नीट शिकले. इथे किलोमीटर मोजून मार्ग आखता येत नाही, नद्या बघून आखावा लागतो.

तुम्ही सह्याद्री पाहिलेला आहे, त्यामुळे हे तुम्हाला लगेच समजेल. श्वार्त्सवाल्डचा पश्चिम काठ ऱ्हाइनच्या खचदरीला लागून आहे. मधली जमीन खाली खचली आणि दोन्ही कडा वर राहिल्या. पलीकडची कडा म्हणजे फ्रान्समधला व्होज पर्वत, अलीकडची म्हणजे हे जंगल. म्हणून पश्चिमेकडून, म्हणजे ऱ्हाइनच्या बाजूने, चढ एकदम अंगावर येतो. फ्रायबुर्ग समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास आहे, आणि सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर फेल्डबेर्गचं शिखर १४९३ मीटर. पूर्वेकडे मात्र जमीन हळूहळू उतरत जाते. पश्चिमेला कोकण आणि पूर्वेला देश, असंच समजा. पाऊसही तसाच पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो आणि आधी त्या कड्यांवर कोसळतो. मुर्ग, रेंख, किंत्सिग, एल्त्स, ड्रायझाम या नद्यांचं पाणी शेवटी ऱ्हाइनला मिळतं. ब्रिगाख आणि ब्रेग पूर्वेला जातात आणि डोनाउएशिंगेनपाशी एकत्र येऊन डॅन्यूब होतात. पाणलोटाची रेघ ओलांडायला एक चढ लागतोच. तो कुठे ओलांडायचा आणि पायांनी की रेल्वेने, हे ठरलं की निम्मा मार्ग आखून झाला.

चढाचा हिशेब असा करा. तुम्ही ७० किलो, सायकल १५, सामान १५, असे शंभर किलो धरू. १०० मीटर उंची चढायला सवयीच्या माणसाला तेरा-चौदा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात पाय सतत सुमारे १२० वॅट देत असतात. हे तासभर चालतं, दिवसभर नाही. म्हणून मी दर १०० मीटर चढाला सपाटीचे तीन किलोमीटर जास्तीचे धरते, खडीची वाट असेल तर चार. पन्नास किलोमीटर आणि १२०० मीटर चढ म्हणजे सपाटीचे ८६ किलोमीटर झाले. सामान असताना पहिल्यांदाच जाणाऱ्याने रोज साठच्या आसपास राहावं. जुलैत पंधरा-सोळा तास उजेड असतो, मग घाई कशाला? नदीत पाय बुडवायला आणि गावात थांबायला वेळ हवाच.

त्याच हिशेबातून गिअरचा प्रश्न येतो, आणि याबाबत मी आग्रही आहे. आठ टक्क्यांच्या चढावर १२० वॅटने शंभर किलो घेऊन ताशी साडेपाच किलोमीटरच वेग मिळतो. पुढे २६ दातांची चकती आणि मागे ३६ दातांची असेल तर या वेगाला पेडल मिनिटाला साठच्या जवळ फिरतात आणि गुडघे शाबूत राहतात. पुढे ३६ आणि मागे २८ असेल तर तेच फेरे तिशीवर येतात. मग तुम्ही पेडल फिरवत नाही, दाबत राहता. माझ्या पहिल्या प्रवासात असंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी उजवा गुडघा सुजला आणि मी चार दिवस आधी परत आले. त्यानंतर मी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घेतली. तो खर्च एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा कमी होता.

आता मार्ग सांगते. मी तुम्हाला प्रसिद्ध श्वार्त्सवाल्ड पानोरामा राडवेग सुचवत नाही. तो प्फोर्त्सहाइमपासून वाल्ड्सहूटपर्यंत सुमारे २८० किलोमीटर माथ्यामाथ्याने जातो. सुंदर आहे, पण सतत चढ-उतार आहेत. तो पुढच्या वर्षी करा. या वेळी किंत्सिगने उतरा, रेल्वेने कणा ओलांडा, ब्रिगाखने पूर्वेला उतरा, पुन्हा रेल्वेने वर जा, जुन्या रुळांच्या वाटेने दक्षिणेला आणि शेवटी ऱ्हाइनकाठाने बाझेल.

पहिला दिवस. स्टुटगार्टहून रेल्वेने फ्रॉयडनश्टाट. गाव ७३० मीटरवर आहे, ड्यूक फ्रीड्रिखने १५९९ मध्ये वसवलेलं, आणि तिथला चौक प्रचंड आहे, फिरून बघा. तिथून लोसबुर्ग, आणि मग किंत्सिगच्या उगमापासून नदीबरोबर खाली. आल्पिर्सबाख, शिल्टाख, वोल्फाख, हाउसाख. पंचेचाळीसेक किलोमीटर, हाउसाख २४० मीटरवर, म्हणजे दिवसभर जवळजवळ उतारच. पहिल्या दिवशी सायकलीची आणि सामानाची ओळख होऊ द्या, पॅनियर कुठे घासतो, कॅरियरचा कुठला बोल्ट सैल आहे हे कळू द्या. आल्पिर्सबाखचा मठ अकराव्या शतकाच्या अखेरचा, लाल वालुकाश्माचा. दहा मिनिटं तरी आत जाऊन बसा.

शिल्टाखला मात्र तास-दोन तास द्या. लाकडी चौकटींची घरं उतारावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. पण मी थांबते ती नदीमुळे. एके काळी या नदीतून लाकडाचे तराफे जायचे. वरच्या डोंगरात तोडलेली फर आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं एकमेकांना बांधून, लांबच लांब तराफा करून, किंत्सिगमधून ऱ्हाइनला आणि तिथून थेट हॉलंडला. तिकडच्या जहाजांना आणि बंदरांना हे लाकूड लागायचं. लाकूड, काचभट्ट्या आणि कोळसा यांनी हे डोंगर इतके उघडे केले की एकोणिसाव्या शतकात पुन्हा लागवड करावी लागली. ती मुख्यतः स्प्रूसची झाली, कारण तो लवकर वाढतो. आज तुम्हाला रांगेत उभं दिसणारं काळसर जंगल बहुतेक ते आहे. २६ डिसेंबर १९९९ च्या ‘लोथार’ वादळात त्याच स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर आडवे झाले, आणि आता कोरडे उन्हाळे आणि सालीतले किडे त्याला पोखरताहेत. जंगलखातं हल्ली रुंद पानांची बीचची झाडं आणि सिल्व्हर फर मिसळून लावतंय. वाटेत जिथे पानांचा रंग एकदम उजळ होतो, तिथे थोडं थांबून बघा.

दुसरा दिवस. हाउसाखवरून गुटाख नदीच्या खोऱ्यात वळा. काही किलोमीटरवर फोग्ट्सबाउअर्नहोफचं खुलं संग्रहालय आहे. मूळ शेतघर १६१२ चं, आणि १९६४ पासून संग्रहालय. छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं, आणि त्या एकाच छपराखाली माणसं, गुरं आणि वर गवत. हिमवर्षावात महिनोन्महिने बाहेर न पडता राहता यावं म्हणून केलेली रचना. लाल लोकरी गोंड्यांची टोपी, जिला बोलेनहूट म्हणतात, ती याच खोऱ्यातली. अविवाहित मुलींचे गोंडे लाल, विवाहितांचे काळे.

होर्नबेर्गपर्यंत सायकलने जा आणि तिथे रेल्वे पकडा. होर्नबेर्गहून सांक्ट गेओर्गेन सरळ रेषेत अकरा किलोमीटर आहे, पण रूळ सव्वीस किलोमीटर फिरतात. ही श्वार्त्सवाल्डबान रॉबर्ट गेर्विग या अभियंत्याने आखली आणि १८७३ मध्ये ती पूर्ण झाली. चढ तीव्र होऊ नये म्हणून त्याने रूळच लांब केले, दरीत दुहेरी वळसे घातले आणि डोंगरातून तीस-पस्तीसच्या वर बोगदे काढले. आपल्या बोरघाटात दहा वर्षं आधी गाडी थांबवून उलट्या दिशेने न्यावी लागत होती, ते आठवून हे वळसे बघा. गाडीच्या खिडकीतून तीच दरी तुम्हाला पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त खाली दिसत राहते. सायकलने इथे वर जाता येतं, पण हमरस्त्यावर ट्रक असतात आणि बाजूच्या वाटा फार उभ्या आहेत. मी दोन्ही करून पाहिलंय. रेल्वे घ्या.

सांक्ट गेओर्गेन ८०० मीटरच्या वर. तिथून ब्रिगाखबरोबर फिलिंगेनपर्यंत सौम्य उतार. पाणी आता काळ्या समुद्राकडे निघालंय, आणि तुम्ही सकाळीच उत्तर समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यासोबत होतात. फिलिंगेनच्या जुन्या तटबंदीच्या आत मुक्काम करा.

तिसरा दिवस हलका ठेवा. डोनाउएशिंगेन जवळच आहे, राजवाड्याच्या बागेत डॅन्यूबचा ‘उगम’ म्हणून बांधलेलं कुंड आहे. त्यानंतर दुपारची रेल्वे धरून टिटिझे-नॉयश्टाट. टिटिझे सरोवराकाठी दुकानांची गर्दी असते, पण संध्याकाळी सातनंतर काठ मोकळा होतो.

चौथा दिवस या सगळ्यात माझा सर्वांत आवडता. नॉयश्टाटजवळच्या काप्पेलपासून लेंत्सकिर्खवरून बोनडोर्फपर्यंत एक रेल्वे जायची. १९०७ मध्ये सुरू झाली, १९७६ मध्ये बंद पडली. तिच्या पट्टीवर आता सायकलवाट आहे, बेन्ले राडवेग, म्हणजे ‘छोट्या गाडीची वाट’. वीसेक किलोमीटर. वाफेच्या इंजिनाला जमेल एवढाच चढ असल्यामुळे सामानासह बसल्याबसल्या गप्पा मारत जाता येतं. दोन्ही बाजूंना जंगल, मधेच कुरणं, कुरणात तपकिरी-पांढऱ्या गाई. इथे अंतर कमी आहे म्हणून पुढे जायचा मोह होईल. तो आवरा आणि बोनडोर्फला राहा. दुपारी वुटाखच्या घळीत पायी उतरता येईल. घळ सायकलींना बंद आहे.

पाचवा दिवस उताराचा. बोनडोर्फ साधारण ८५० मीटर, ऱ्हाइनकाठचं वाल्ड्सहूट ३४०. खालच्या वुटाख खोऱ्यात श्ट्युलिंगेनला उतरून टिएंगेनमार्गे जा. ब्रेक सतत घट्ट दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते, डिस्क असेल तर पॅड भाजून पकड जाते. वेग वाढला की दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, वेग उतरला की सोडायचे, पुन्हा तेच. निघण्याआधी पॅडची जाडी बघा आणि एक जोडी बरोबर ठेवा. हवा आणि ताकद असेल तर लाउफेनबुर्गला मुक्काम. १८०१ मध्ये नेपोलियनच्या काळात हे गाव नदीवरून दोन देशांत वाटलं गेलं. पुलाच्या एका टोकाला जर्मनी, दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंड. इथे दिवसातून चारदा सीमा ओलांडाल, त्यामुळे पासपोर्ट आणि राहण्याचं परवानापत्र दोन्ही पॅनियरमध्ये खोल पुरून न ठेवता हाताशी ठेवा.

सहाव्या दिवशी ऱ्हाइनकाठाने बाझेल, पंचेचाळीसेक किलोमीटर सपाट. बाड झेकिंगेनचा छप्पर असलेला लाकडी पूल दोनशे मीटरपेक्षा लांब आहे. सायकलवरून उतरून त्यातून चालत जा, पायाखालच्या फळ्यांचा आवाज ऐका. बाझेलला परतीची गाडी ‘बाडिशर बानहोफ’ या स्टेशनातून पकडा. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलीचं आरक्षण आधीच करावं लागतं आणि उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. स्थानिक गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते नऊ ही वेळ टाळा, तेव्हा कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते आणि सायकलीचे नियमही वेगळे असतात. बहुतेक गावांत मुक्कामाला तुम्हाला कोनुस नावाचं पाहुणाकार्ड मिळेल, त्यावर बस-रेल्वे फुकट असते. कार्ड माणसाचं असतं, सायकलीचे नियम त्या गाडीत चढण्याआधी वाचा.

दोन रस्त्यांबद्दल सावध करते. फ्रायबुर्गहून हिंटरत्सार्टेनला जाणारं हेलेनटाल दिसायला भव्य आहे, पण तिथला हमरस्ता सायकलीसाठी नाही, ट्रकची रांग न संपणारी. तिथे रेल्वेच चढते, १८८७ पासून, आणि ५.७ टक्के चढ असल्यामुळे १९३३ पर्यंत तिला दातेरी रुळाचा आधार लागायचा. दुसरा म्हणजे बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटला माथ्यावरून जाणारा श्वार्त्सवाल्डहोखश्ट्रासे. दृश्यं उत्तम, पण शनिवार-रविवारी मोटरसायकलींचे थवे असतात. जायचंच असेल तर मंगळवारी सकाळी जा.

खाण्यापिण्याचं. रविवारी दुकानं बंद, बेकऱ्या दुपारपर्यंतच. खेड्यातली खाणावळ आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असते, दारावर ‘रुहेटाग’ लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा तो सोमवार किंवा मंगळवार असतो. एकदा बोनडोर्फजवळ मी संध्याकाळी सातला तीन बंद दारांसमोर उभी होते. तेव्हापासून पॅनियरमध्ये चपात्या, चटणी आणि शेंगदाण्याचा लाडू असतोच. शाकाहारी असाल तर चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे इथल्या जाडसर शेवया, मिळतात. पण बिबेलेसकेस जरूर मागा, ताज्या चक्क्यासारखं क्वार्क, कांद्याच्या पातीसह, सोबत तळलेले बटाटे. उन्हातून आल्यावर याच्याइतकं बरं काही लागत नाही. इथल्या चेरीच्या केकमध्ये चेरीची दारू असते, घेणार नसाल तर आधी विचारा. बाटल्या भरायला दफनभूमीतले नळ वापरा, ती जर्मनीतल्या सायकलस्वारांची जुनी रीत आहे. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

गोचिडीची काळजी मात्र मनापासून घ्या. या राज्याचा बहुतेक भाग गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचं क्षेत्र म्हणून गणला जातो, आणि लाइम आजारही गोचिडींतूनच होतो. मेंदूज्वरावर लस आहे, पण ती टप्प्याटप्प्याने घ्यावी लागते. डॉक्टरांना आत्ताच भेटा, जुलैत नको. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानांमागे एकमेकांना तपासा. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला चिकटून सरळ ओढा. तेल लावू नका, जाळू नका.

जुलैत वादळं दुपारी येतात, म्हणून सकाळी आठला निघून दुपारी दोनला चढ संपवा. वाटेत लाल-पांढऱ्या पट्टीने रस्ता अडवला असेल आणि आत झाडं तोडत असतील, तर शांत वाटलं तरी आत जाऊ नका. फांद्या आवाज न करता पडतात. मार्च ते ऑक्टोबर जंगलात धूम्रपानाला बंदी आहे, तंबू टाकून राहण्याचीही परवानगी नाही. मुक्कामासाठी ‘बेट+बाइक’ (Bett+Bike, म्हणजे ‘बिछाना आणि सायकल’) ही पाटी शोधा. ते लोक एका रात्रीसाठीही घेतात, सायकल आत ठेवायला जागा देतात आणि ओले कपडे वाळवायची सोय असते. जुलैसाठी मुक्काम आत्ताच ठरवा, विशेषतः फिलिंगेन आणि नॉयश्टाटचे.

कॅसेट बदलायची असेल तर दुकानांना उन्हाळ्यात वेळ लागतो. म्हणून आज घरी गेलात की दोन्ही सायकलींच्या पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजा, टायरवर लिहिलेली रुंदी वाचा, आणि मला कळवा. ४० मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर असेल तर तोही बदलावा लागेल, कारण जंगलातले बरेच भाग डांबरी नाहीत, दाबलेल्या खडीचे आहेत.